ग्रॅव्हिटी करायची तर पेन स्टेट? हे नाव आलं कुठून

फिजिक्स पीएचडीला अमेरिकेत जायचं ठरलं की पोरं आधी एक्सेल शीट उघडतात आणि रँकिंग बघून नावं भरतात, एमआयटी, प्रिन्सटन, स्टॅनफर्ड वगैरे. मग कोणीतरी सीनियर सांगतो, अरे तुला जनरल रिलेटिव्हिटी (म्हणजे आइनस्टाइनचा ग्रॅव्हिटीचा सिद्धांत) करायचीय ना, पेन स्टेट (पेनसिल्व्हेनियातली युनिव्हर्सिटी) टाक की. हे नाव तर शीटमध्ये नसतंच.

यासाठी बरंच मागं जावं लागतं. एकेकाळी अमेरिकन पोरंच शिकायला जर्मनीला जायची, आणि गॉटिंगेन म्हणजे तर गणिताची पंढरी. 1933 मध्ये हिटलर आला, ज्यू प्राध्यापकांना काढायला लागले आणि ती पंढरी बघता बघता ओस पडली. तिथल्या गणितज्ञ एमी नोएदर अमेरिकेतल्या ब्रिन मॉर या मुलींच्या कॉलेजात गेल्या, गणितज्ञ कुरांट न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत (तिथलं कुरांट इन्स्टिट्यूट ते यांचंच, अप्लाइड मॅथवाले आजही त्याचं नाव आदरानं घेतात), आणि बर्लिनहून आइनस्टाइन प्रिन्सटनच्या इन्स्टिट्यूट फॉर ॲडव्हान्स्ड स्टडीत. म्हणजे माणसं जिथं जागा मिळाली तिथं गेली, आणि विषयही त्यांच्याबरोबर गेला. मला हे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आइनस्टाइनचे असिस्टंट पीटर बर्गमन 1947 ला न्यूयॉर्क राज्यातल्या सिराक्युज युनिव्हर्सिटीत गेले आणि तिथं रिलेटिव्हिटीचा ग्रुप उभा केला, तेव्हा या विषयाला फारसं कोणी विचारत नव्हतं. पुढं 1957 ला स्पुटनिक उडालं, सरकारनं विज्ञानात पैसा ओतला, स्टेट युनिव्हर्सिट्यांचे फिजिक्स डिपार्टमेंट वाढले. टेक्ससमध्ये ऑस्टिनला आल्फ्रेड शिल्ड यांनी माणसं जमवली, त्यातल्याच रॉय कर यांनी 1963 मध्ये आइनस्टाइनच्या समीकरणांचं फिरत्या ब्लॅक होलसाठीचं सोल्यूशन काढलं.

आता आपला माणूस. अभय अष्टेकर, जन्म 1949, शिरपूरचा. मुंबईतून बीएस्सी करून अमेरिकेत गेले ते या ऑस्टिनलाच, तिथून शिकागोला रॉबर्ट गेरॉक यांच्याकडे, 1974 ला पीएचडी. गेरॉक स्वतः प्रिन्सटनचे रिलेटिव्हिटीवाले प्राध्यापक जॉन व्हीलर यांचे विद्यार्थी. पुढं अष्टेकर सिराक्युजला, म्हणजे बर्गमन यांनी लावलेल्या झाडाखालीच, आणि तिथं असताना 1986 मध्ये त्यांनी आइनस्टाइनची समीकरणं नव्या व्हेरिएबल्समध्ये मांडली, ज्यावर लूप क्वांटम ग्रॅव्हिटी (ग्रॅव्हिटी आणि क्वांटम फिजिक्स जोडू बघणारा एक सिद्धांत) उभी आहे. 1993 ला ते पेन स्टेटला आले, तिथं ग्रॅव्हिटीचं सेंटर सुरू केलं आणि जगभरातून पोरं तिथं यायला लागली.

मी या विषयातले पेपर वाचायला लागले तेव्हा लेखकांच्या नावाखाली युनिव्हर्सिटी पार्क, पेनसिल्व्हेनिया हा पेन स्टेटचा पत्ता इतक्यांदा दिसायचा की शेवटी हे गाव आहे तरी कुठं म्हणून मी नकाशा उघडून बघितला होता.