धक्क्याच्या दिवसाची आठवण कधीच चुकत नाही?

‘देशावर आघात झाला त्या दिवशी आपण कुठे होतो, ते कधीच चुकत नाही,’ असा मेसेज वरचेवर फिरतो. धक्का खरा, तपशील मात्र सरकतात. 1986 मध्ये अमेरिकेचं अवकाशयान फुटलं, तेव्हा काही विद्यार्थ्यांकडून दुसऱ्याच दिवशी आठवण लिहून घेतली, अडीच-तीन वर्षांनी पुन्हा. सुमारे पाव जणांचा एकही मुख्य तपशील जुळला नाही. खात्री मात्र दांडगी! आठवण दर वेळी नव्यानं रचली जाते, त्यात कट्ट्यावर ऐकलेलंही मिसळतं.

पडताळायचं कसं? समजा कुणी म्हणालं, ‘1984 ला पंतप्रधानांची हत्या झाली, ते रविवारी सकाळी रंकाळ्यावर रेडिओत ऐकलं.’ कॅलेंडर बघा: 31 ऑक्टोबर, बुधवार. सरकारी रेडिओनं निधन जाहीर केलं तेही संध्याकाळी. सांगणारा खोटं बोलत नसतो, बरं का. घरात तेव्हाची डायरी असेल, तर आधी आठवेल ते लिहा, मगच ती उघडा.