असेंबल्ड की कंपनीचा? एका जुन्या प्रश्नाची पार्श्वभूमी

दहावीची परीक्षा संपली की ओळखीतल्या कुणाचा तरी फोन येतोच. मुलाला गेम खेळायला कॉम्प्युटर हवाय, फार भारी नको, कंपनीचा घेऊ की असेंबल करून घेऊ? विचारणाऱ्याच्या मनात उत्तर बहुतेक तयार असतं: असेंबल्ड स्वस्त पडतो, कंपनीचा निर्धास्त असतो. दोन्ही वाक्यं एके काळी अगदी खरी होती. ती कशामुळे खरी होती हे मात्र आपण विसरलो, आणि त्यातली बरीचशी कारणं आता उरलेलीही नाहीत.

मुळात कॉम्प्युटर सुटे भाग आणून जोडता येतो, ही एका घाईची देणगी. १९८० साली आयबीएमला घरगुती कॉम्प्युटरच्या बाजारात लवकर उतरायचं होतं. सगळं स्वतः बनवत बसायला वेळ नव्हता, म्हणून प्रोसेसर, म्हणजे आकडेमोड करणारी मुख्य चिप, इंटेलचा घेतला, ऑपरेटिंग सिस्टिम मायक्रोसॉफ्टची, आणि बाकीचे भागही बाजारात मिळणारेच. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएम पीसी आला. त्यात आयबीएमचं स्वतःचं म्हणावं असं एकच कुलूप होतं: बायोस, म्हणजे बटण दाबल्यावर मशीनला जागं करणारा छोटासा प्रोग्राम. कॉम्पॅकने ते कुलूप कायद्याच्या चौकटीत राहून उघडलं. एका गटाने आयबीएमचा बायोस काय काय करतो ते लिहून काढलं, आणि ज्यांनी मूळ कोड पाहिलाच नव्हता अशा दुसऱ्या गटाने त्या वर्णनावरून नवा बायोस लिहिला. पुढे १९८४ मध्ये फिनिक्स कंपनी असाच बायोस कुणालाही विकायला लागली, आणि दार सताड उघडलं. १९९५ मध्ये इंटेलने एटीएक्स हे माप ठरवून दिलं. मदरबोर्डाचे, म्हणजे ज्यावर बाकी भाग बसतात त्या पट्टीचे, स्क्रू कुठे येणार, मागची पट्टी कुठे बसणार, सगळं पक्कं झालं. दहा वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटमध्ये आजचा बोर्ड बसतो तो त्यामुळे.

आपल्याकडे नोव्हेंबर १९८४ च्या संगणक धोरणाने आयात थोडी सैल केली आणि एचसीएल, विप्रो, मुंबईची झेनिथ अशा कंपन्यांचे पीसी कचेऱ्यांत दिसू लागले. घरात आणायची वस्तू ती नव्हतीच. खरा फरक पडला १९९७ नंतर. त्या वर्षी भारत जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारात सामील झाला, आणि कॉम्प्युटर व त्याच्या भागांवरची आयात ड्यूटी टप्प्याटप्प्याने उतरत २००५ पर्यंत शून्यावर आली. तैवानचे बोर्ड आणि कोरियाची रॅम (चालू कामापुरती मेमरी) मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तापकीर गल्लीला आणि दिल्लीत नेहरू प्लेसला पोत्यांनी येऊ लागली.

लॅमिंग्टन रोडचं कागदोपत्री नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, पण ग्रँट रोड स्टेशनला उतरून ते नाव घेतलंत तर टॅक्सीवाला क्षणभर विचारात पडेल. नाझ आणि मिनर्व्हा थिएटरांचा हा रस्ता आधी रेडिओ, ट्रान्झिस्टर आणि टीव्हीच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध होता. सोल्डरिंग गन घेऊन बसलेल्या त्या दुकानदारांना कॉम्प्युटर म्हणजे आणखी एक उघडून पाहायची वस्तू वाटली, यात नवल नाही.

२००३ च्या सुमाराचं एक कोटेशन माझ्याकडे अजून आहे. दुकानाच्या पॅडचा कागद, निळं बॉलपेन: पी-फोर २.४, ८४५ बोर्ड, २५६ रॅम, ४० जीबी हार्ड डिस्क, १७ इंची मॉनिटर, मर्क्युरीचं कॅबिनेट, स्पीकर फ्री. खाली रेघ मारून 'भाव आजच्यापुरते'. तेव्हा एमएस-सीआयटीचे क्लास गावोगाव निघाले होते, 'मुलांच्या अभ्यासाला' म्हणून घरोघर असे डबे आले, आणि त्या डब्यांवर अभ्यास सोडून बाकी सगळं झालं. (आपण त्या अख्ख्या डब्याला सीपीयू म्हणतो. सीपीयू म्हणजे खरं तर आतला प्रोसेसर, म्हणून जाणकार कपाळावर हात मारतात, पण शब्द रुळला तो रुळला.)

गंमत त्या '८४५' मध्ये होती. बोर्डावरच्या चिपच्या इंटेलच्या ८४५ मालिकेत बरेच प्रकार होते आणि घरगुती कोटेशनमध्ये अनेकदा ८४५ जीव्ही असायचा, कारण तो स्वस्त. त्याला एजीपी स्लॉटच नव्हता, म्हणजे पुढे गेमची चित्रं झपाट्याने काढणारं वेगळं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं तर लावायला जागाच नाही. मी हे खरेदीनंतर आठ महिन्यांनी शिकलो. नव्या गेमची सीडी टाकली, इन्स्टॉल झाली, आणि चालू करताच 'पिक्सेल शेडर' नावाच्या कसल्याशा गोष्टीची तक्रार करून बंद पडली. दुकानदाराकडे गेलो तर तो शांतपणे म्हणाला, "तुम्ही तेव्हा गेमचं बोलला नव्हता." बोललो नव्हतो हे खरंच. वडील सोबत होते.

ही गेमची भानगड त्याहून थोडी जुनी. १९९६ पर्यंत गेमसाठी वेगळा कॉम्प्युटर असा प्रकार फारसा नव्हता, वेगवान प्रोसेसर असला की भागायचं. त्या वर्षी क्वेक हा थ्रीडी गेम आला आणि प्रोसेसर-प्रोसेसरमधला फरक उघडा पडला. सायरिक्स ६एक्स८६ ही स्वस्तातली चिप ऑफिसच्या कामात पेंटियमला टक्कर द्यायची, पण दशांशांच्या गणितात कच्ची होती, आणि क्वेक सगळा त्याच गणितावर चालायचा. त्याच वर्षी थ्रीडीएफएक्सचं वूडू कार्ड आलं. ते फक्त थ्रीडी चित्र काढायचं. बाकीच्या चित्रासाठी आधीचं कार्ड ठेवून दोघांना बाहेरून केबलने जोडावं लागायचं. कंपनीचा सीलबंद डबा आणि गेम खेळणारा यांची ताटातूट झाली ती इथे. डबा बनवणाऱ्याचं गिऱ्हाईक ऑफिस होतं. त्याला असल्या खटपटीशी देणंघेणं नव्हतं. अमेरिकेत त्या पोकळीत फक्त गेमसाठी मशीन जोडून विकणाऱ्या छोट्या कंपन्या उभ्या राहिल्या. मायामीत १९९६ मध्ये सुरू झालेली एलियनवेअर त्यातलीच. २००६ मध्ये ती डेलने विकत घेतली. खुद्द डेलची सुरुवात १९८४ मध्ये ऑस्टिनला विद्यापीठाच्या होस्टेलच्या खोलीत, म्हणजे एका पोराने कॉम्प्युटर जोडून विकण्यातूनच झाली होती.

आता 'असेंबल्ड स्वस्त' या वाक्याकडे. ते स्वस्त का पडायचं? दुकानदाराची मजुरी कमी हे एक कारण, पण मोठं नव्हे. कंपनीच्या मशीनवर एक्साइज, विक्रीकर, शहरात शिरताना जकात, आणि विंडोजच्या लायसन्सची किंमत चढलेली असायची. गल्लीतल्या जोडणाऱ्याला छोटा उत्पादक म्हणून एक्साइजमधून सूट, बिल बहुधा कच्चं, आणि विंडोज मार्करने नाव लिहिलेल्या सीडीवर. थोडक्यात, आपण जे पैसे वाचवले म्हणत होतो त्यातले पुष्कळसे सरकारचे आणि मायक्रोसॉफ्टचे होते. ब्रँडेड महाग होता असं म्हणण्यापेक्षा तो पूर्ण किमतीचा होता, असं म्हणणं बरं.

१ जुलै २०१७ ला जीएसटी आला, मुंबईची जकात त्याच दिवशी गेली, आणि तयार कॉम्प्युटर असो की सुटे भाग, बहुतेकांवर सारखाच १८ टक्के कर लागू लागला. आज पक्कं बिल आणि खरं विंडोज धरून हिशोब मांडलात, तर साध्या वापराच्या मशीनमध्ये दोन्हींत पूर्वीची तफावत राहत नाही. कधी कधी कंपनीचाच स्वस्त निघतो, कारण ती हजारोंनी प्रोसेसर उचलते.

याचं टोक २०२० ते २०२२ मध्ये दिसलं. कोविडमुळे पुरवठा तुटलेला, त्यात इथेरियम या आभासी चलनाच्या मायनिंगवाल्यांनी, म्हणजे कार्डांकडून आकडेमोड करून घेऊन ते चलन कमावणाऱ्यांनी, ग्राफिक्स कार्डं पळवलेली. सप्टेंबर २०२० ला ६९९ डॉलरला जाहीर झालेलं आरटीएक्स ३०८० हे कार्ड त्या भावात मिळणं म्हणजे लॉटरी. मोठ्या कंपन्यांचा माल मात्र कराराने आधीच बांधलेला होता. मग जन्मभर 'रेडिमेड घेऊ नका' सांगणारे लोकच कार्डापायी अख्खा डबा घेऊ लागले. १५ सप्टेंबर २०२२ ला इथेरियमने मायनिंगची पद्धतच सोडली, आणि तोवर कार्डं पुन्हा फळीवर दिसू लागली होती.

कंपनीच्या 'निर्धास्त'पणाचीही एक मेख आहे. एटीएक्सने जे माप सगळ्यांसाठी खुलं केलं, ते मोठ्या कंपन्यांनी आपल्या डब्यांत हळूहळू पुन्हा बंद केलं. अनेक रेडिमेड मशीनमध्ये एसएमपीएस, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारा डबा, वेगळ्याच आकाराचा, बोर्डाचे कनेक्टर वेगळे. वर्षाची ऑनसाइट वॉरंटी असेतो इंजिनिअर घरी येतो, हे सुख आहेच. वॉरंटी संपल्यावर मात्र, एरवी दोन हजारांत बदलता येणारा एसएमपीएस त्या आकारात बाजारात सहज मिळत नाही. असेंबल्डमध्ये उलट: प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी, प्रोसेसर आणि कार्डाला बहुधा तीन वर्षं, चांगल्या एसएमपीएसला पाच किंवा जास्त, पण त्या त्या सर्व्हिस सेंटरला डबा घेऊन फिरायचं ते आपण. आणि दोष कुठल्या भागात आहे हे ओळखायचंही आपणच. माझ्या दुसऱ्या मशीनमध्ये '४५० वॅट' असं स्टिकर लावलेला एसएमपीएस होता. हातात घेतला तर रिकाम्या टिफिनइतका हलका. एका पावसाळ्यात लाइट आली-गेली झाली, फट्ट असा आवाज झाला, आणि जाताना तो बोर्डालाही घेऊन गेला. तेव्हापासून मी एसएमपीएस वजनाने पारखतो. शास्त्रीय पद्धत नाही, पण अजून फसलो नाही.

निवांत खेळणाऱ्यासाठी या इतिहासातला सगळ्यात कामाचा टप्पा गाजावाजा न करता आला. फेब्रुवारी २०१८ मध्ये एएमडी कंपनीने रायझन २२००जी हा प्रोसेसर काढला. प्रोसेसरच्याच पोटात बऱ्यापैकी ग्राफिक्स, आणि वेगळ्या कार्डाशिवाय हलके गेम चालतात. फक्त अशा चिपला स्वतःची मेमरी नसते, ती रॅममधून उसनी घेते. म्हणून रॅमच्या दोन पट्ट्या लावल्या तर वेग चांगलाच वाढतो. रेडिमेड डब्यात पैसे वाचवायला अनेकदा एकच पट्टी असते. ८ जीबी दोन्हीकडे, कागदावर मशीन तेच, गेममध्ये मात्र एक अडखळतं आणि एक नाही. झाकण उघडून दुसरी पट्टी लावली की काम होतं, एवढंच.

एवढंच, असं २०२५ च्या मध्यापर्यंत म्हणता यायचं. त्या वर्षाच्या अखेरीस एआयच्या डेटा सेंटरांनी मेमरी इतकी खेचली की रॅमचे भाव भडकले, आणि डिसेंबरमध्ये मेमरी बनवणाऱ्या मायक्रॉनने घरगुती गिऱ्हाइकांसाठीचा क्रुशियल हा ब्रँड बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्यानंतर भाच्यासाठी मागवलेलं कोटेशन व्हॉट्सॲपवर आलं. प्रोसेसर, बोर्ड, एसएसडी, कॅबिनेट, सगळ्यांपुढे आकडे होते. रॅमच्या ओळीपुढे फक्त 'फोन करा'.