घरातला ख्रिसमस नक्की आला कुठून?

घरात झाड, झाडाखाली गिफ्ट, लेकराच्या उशाशी सँटाने ठेवलेलं चॉकलेट आणि सगळ्यांनी मिळून केक कापायचा, हा जो ख्रिसमस आपल्याला फार पुरातन वाटतो ना, तो असा घरातला आणि लहान मुलांचा होऊन जेमतेम दोनशे वर्षं झालीयेत. त्याआधी तो चर्चचा होता, आणि चर्चच्या बाहेर चक्क रस्त्यावरचा होता, खाणंपिणं, दारू, सोंगं घेऊन दारोदार फिरणं असला सगळा दंगा. आपल्या गणपतीचं आठवा, घरातला गणपती 1893 च्या सुमारास पुण्यात चौकात आला, लोकमान्यांनी त्याला बळ दिलं, आणि पुढे आमच्या इंदूरला तर गिरण्यांच्या झांक्या, म्हणजे चित्ररथ, निघायला लागल्या, अनंत चतुर्दशीला रात्रभर शहर जागं असतं. ख्रिसमसचं बरोबर उलटं झालं, चौकातला सण उंबरठ्याच्या आत आला. मला हे आधी सांगावंसं वाटतंय कारण इथल्या मराठी घरांत दर डिसेंबरला विषय निघतोच, पोरगी शाळेतून येऊन झाड पाहिजे म्हणते, आजोबा विचारतात हा काय आपला सण आहे का, आणि मुळात हा सण काय होता ते कुणीच नीट सांगत नाही.

तारखेपासून बघू. 25 डिसेंबर बायबलमध्ये कुठेच लिहिलेली नाही. रोममध्ये 354 साली तयार झालेल्या एका पंचांगवजा संग्रहात येशूचा जन्म या दिवशी दाखवलाय, ती सगळ्यात जुनी पक्की नोंद. युरोपात हे दिवस म्हणजे कडाक्याची थंडी, शेतीची कामं आटोपलेली, ताजं मांस आणि नवी दारू घरात, त्यामुळे उपासनेबरोबर धिंगाणाही शतकानुशतकं चालायचा, आणि तो इतका की कडक धार्मिक लोकांना हा सणच नको झाला. इंग्लंडच्या पार्लमेंटने 1647 मध्ये ख्रिसमसवर बंदी घातली. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समध्ये 1659 ते 1681 हा सण पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता! ख्रिश्चनांनीच ख्रिसमस बंद केला होता हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं.

मग बदल कशाने झाला? शहरं वाढली तशी. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये डिसेंबरच्या रात्री टोळकी ढोल बडवत फिरायची, सधन लोकांची दारं ठोठावून खायला, प्यायला, पैसे मागायची. कधीकाळी गावात हे चालून जायचं, मालक आणि गडी एकमेकांना ओळखायचे, पण मोठ्या शहरात अनोळखी माणसं दाराशी आली की भीतीच वाटणार. त्याच काळात त्या भागातल्या काही सुखवस्तू लोकांनी संत निकोलसला, म्हणजे सँटाच्या मूळ पुरुषाला, पुढे आणलं, आणि 1823 च्या डिसेंबरमध्ये ट्रॉय नावाच्या गावातल्या पेपरात एक कविता छापून आली, आठ रेनडिअर, गाडी, धुराड्यातून उतरणारा गुबगुबीत म्हातारा, मोजे, सगळं तिच्यात आहे. मला यातली खरी कमाल ही वाटते की दार ठोठावून मागणाऱ्याच्या जागी काहीही न मागता गुपचूप देऊन जाणारा आला, आणि घेणारा कोण, तर घरातलं लहान मूल. सण तिथेच वळला.

खुद्द निकोलस मात्र ना उत्तर ध्रुवावरचा ना अमेरिकेचा. तो चौथ्या शतकातला मायराचा बिशप, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातला. त्याची सगळ्यात लाडकी गोष्ट मी लेकीला झोपताना सांगते आणि ती आपल्याकडच्या कुठल्याही आजीला लगेच पटेल, एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसा नाही म्हणून लग्नं होईनात, तर निकोलसने रात्री अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या आणि नाव कळू दिलं नाही. पुढे डच लोकांत त्याच्या सणाच्या आदल्या रात्री मुलं बूट बाहेर ठेवायला लागली, बुटाचा मोजा कधी झाला ते सोडून द्या. आजचं ढेरपोट्या सँटाचं रूप बरंचसं थॉमस नास्ट या चित्रकाराने 1863 पासून काढलेल्या चित्रांतून ठरत गेलं. कोका-कोलाने लाल रंग दिला असं व्हॉट्सॲपवर दरवर्षी फिरतं ते चूक आहे, त्यांच्या गाजलेल्या जाहिराती 1931 पासूनच्या, लाल कपड्यातला सँटा त्याआधीपासून होता.

झाड जर्मन. स्ट्रासबुर्गमध्ये 1605 सालची नोंद आहे की लोक घरात सूचीपर्णी झाडं उभी करून त्यांना कागदाची गुलाबं आणि सफरचंदं लावतात. इंग्लंडच्या राजघराण्यात ते जर्मन राण्यांमुळे आलं, पण सामान्य घरांत पोचलं ते 1848 मध्ये, व्हिक्टोरिया राणी, प्रिन्स अल्बर्ट आणि त्यांची मुलं झाडाभोवती उभी असल्याचं चित्र पेपरात आलं त्यानंतर. बघा ना, तिथेही आई, बाप, मुलं आणि घरातली खोली! ग्रीटिंग कार्डही त्याच सुमाराचं, 1843, लंडनच्या हेन्री कोल यांना सगळ्यांना पत्रं लिहायला वेळ नव्हता म्हणून त्यांनी छापून घेतलं.

पण या सगळ्या इतिहासात मला सगळ्यात जवळची वाटते ती हॅम्बुर्गची गोष्ट. योहान विखर्न नावाचे पाद्री तिथे गरीब, बेवारस मुलांसाठी एक घर चालवायचे. डिसेंबर लागला की मुलं रोज तेच विचारायची, आला का ख्रिसमस, अजून किती दिवस. म्हणून 1839 मध्ये त्यांनी बैलगाडीसारख्या गाडीचं जुनं लाकडी चाक घेतलं, त्यावर मेणबत्त्या बसवल्या, रोजच्या दिवसाची छोटी लाल आणि रविवारची मोठी पांढरी, आणि मुलांना जमवून रोज एक जास्त लावायची, म्हणजे ज्याला मोजता येत नाही त्यालाही दिसायचं की आता एवढ्याच राहिल्या. पुढे जर्मनीभर घराघरांत चार रविवारांच्या चार मेणबत्त्यांचं हिरवं कडं झालं ते यातूनच, आणि रोज एक खिडकी उघडायची ती कॅलेंडरंही याच दिवस मोजण्याच्या हौसेतून आली. चार वर्षांच्या मुलाला "पंधरा दिवस" म्हणजे काय ते कळत नाही, ज्याच्या घरात लहान मूल आहे त्याला हे समजावून सांगायला नको. आम्ही मेणबत्त्या नाही लावत, सुतळीवर कपड्याच्या चिमट्यांनी कागदाच्या छोट्या पुड्या लटकवतो, एकेकीत एक मनुका नाहीतर एक बदाम, रोज सकाळी लेक एक काढते आणि उरलेल्या बोटाने मोजते.

येशूच्या जन्माचा, म्हणजे गोठ्याचा देखावा याहून कितीतरी जुना. असिसीच्या संत फ्रान्सिसने 1223 मध्ये इटलीतल्या ग्रेचो गावी गव्हाणीत गवत टाकून खरा बैल आणि खरं गाढव उभं केलं, लॅटिन न कळणाऱ्या साध्या माणसांना जन्म डोळ्यांनी दिसावा म्हणून. माझ्या सासूबाईंना झाडाचं कधी फार कौतुक वाटलं नाही पण गोठा बघितल्यावर त्या लगेच म्हणाल्या, हा तर जन्मोत्सव, आपल्याकडे रामनवमीला बाराच्या ठोक्याला पाळणा हलवतात तसा, आणि तेव्हापासून गोठ्याचं काम त्यांच्याकडे आणि नातीकडे. गोव्यात आणि मंगळूरकडे काही घरांत गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून धान्य पेरून रोपं उगवतात, फ्रान्सच्या दक्षिणेला प्रोव्हान्समध्ये तर 4 डिसेंबरला ताटलीत गहू पेरायची रीतच आहे. आम्ही दिवाळीच्या किल्ल्यावर पेरतो तेच अळीव पेरतो. फक्त लवकर पेरायचे नाहीत, तीन-चार दिवसांत कोंब वर येतात आणि दहाव्या दिवशी लांब होऊन आडवे पडतात, म्हणून 18-19 तारखेला पेरलेले बरे. मेंढपाळ बाजारात मिळाले नाहीत तेव्हा लेकीने किल्ल्यातले मावळे आणून बाळाभोवती राखणीला उभे केले, भाले-ढालींसकट, आणि ते आता तिथलेच झालेत.

भारतात हे सगळं एका वाटेने आलं नाही. केरळातले ख्रिश्चन तर युरोपातल्या कित्येक देशांपेक्षा जुने. आपल्या मराठीत फादर थॉमस स्टीफन्स या जेझुइट संघाच्या इंग्रज पाद्र्याने येशूची कथा ओव्यांत लिहिली आणि ती 1616 मध्ये गोव्यात छापली गेली, म्हणजे तुकोबांच्या लहानपणी! पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी, 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर, अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये नेलं. कलकत्त्याला गोऱ्या साहेबांच्या बंगल्यांच्या फाटकांवर ख्रिसमसला केळीचे खांब आणि फुलांच्या माळा लागायच्या आणि नोकर, व्यापारी फळं-मिठाईच्या डाल्या घेऊन यायचे. केकची गोष्ट केरळातल्या तलश्शेरीची, तिथले माम्बळ्ळी बापू यांनी 1883 मध्ये मर्डोक ब्राउन या मळेवाल्या साहेबासाठी इंग्लंडच्या केकचा नमुना चाखून इथल्या मालमसाल्यात तसा केक करून दिला, हाच देशातला पहिला ख्रिसमस केक असं तिकडे मानतात. आणि गोव्याच्या कुस्वारच्या, म्हणजे ख्रिसमसच्या फराळाच्या, ताटात जी नेवरी असते ती म्हणजे आपली करंजीच की, पारी तीच, सारण बहुतेक तेच.

आता इंदूर. 21 डिसेंबर 1817 ला महिदपूरला इंग्रजांकडून होळकरांचा पराभव झाला, 6 जानेवारी 1818 ला मंदसोरचा तह, आणि त्यानंतर इथे ब्रिटिश रेसिडेन्सी, म्हणजे इंग्रज सरकारच्या प्रतिनिधीचं ठाणं, आली. रेसिडेन्सीच्या बाजूचं व्हाइट चर्च, म्हणजे सेंट अॅन्स, 1858 चं. पण शहराच्या आत, साध्या माणसांपर्यंत पोचले ते कॅनडाचे प्रेस्बिटेरियन या प्रोटेस्टंट पंथाचे मिशनरी, 1877 पासून, त्यांच्या शाळा, बायकांसाठी लेडी डॉक्टर, आणि 1887 चं इंदूर ख्रिश्चन कॉलेज, हो, किशोरकुमार शिकले तेच. यात एक गोष्ट मला फार विचार करायला लावते. ज्या पंथाने स्कॉटलंडमध्ये ख्रिसमस बंद पाडला, आणि तिथे 25 डिसेंबरची सार्वजनिक सुट्टी थेट 1958 मध्ये मिळाली, त्याच पंथाची ही कॅनडातली शाखा. तोवर कॅनडात वारं बदलत होतं, झाड आणि मोजे मिशनरींच्या घरांतही शिरत होते, म्हणजे घरगुती ख्रिसमस त्यांच्यासाठीसुद्धा बऱ्यापैकी नवाच होता. म्हणून कुणी म्हटलं की तुम्ही परक्यांचा सण उसना घेताय तर मी हे सांगते, हा घरातला भाग सगळ्यांनीच एकमेकांकडून घेतलाय, जर्मनांकडून इंग्रजांनी, डचांकडून अमेरिकनांनी. मात्र जन्माची गोष्ट ज्यांच्या श्रद्धेची आहे त्यांची ती आहे, ती सोडून नुसता सँटा मुलांना देणं मला बरोबर वाटत नाही. म्हणून 25 तारखेला व्हाइट चर्च बघायला जायचं तर उपासना संपल्यावर, गडबड न करता, आणि शेजारच्या मल्याळी काकूंकडे आधी जाऊन मग आपला केक.

केकही आमचा बिनअंड्याचा, रवा, दही आणि संत्र्याच्या रसात भिजवलेल्या मनुका-टुटीफ्रुटीचा, कुकरची शिट्टी आणि रिंग काढून, तळाला मीठ पसरून मंद गॅसवर पाऊण तास. राणीपुऱ्यातून आणलेला कागदी तारा गॅलरीत लावतो, असे कोनाकोनांचे तारे 1830 च्या दशकात जर्मनीत मोरावियन पंथाच्या एका शाळेत मुलांना भूमिती शिकवताना बनले असं सांगतात, तेव्हा तोही मुलांच्याच हातचा. जुन्या रितीने बारा दिवस धरले तर 6 जानेवारीला सगळं उतरवायचं असतं आणि आम्ही ते पाळतो, कारण लगेच संक्रांतीचे तीळ निवडायला बसायचं असतं आणि आजीला ओटा आणि नात दोन्ही मोकळे लागतात.