लढा किंवा पळा प्रतिक्रिया

अचानक धोका समोर आला की शरीर आपल्याला न विचारता जी धावपळ करतं तिला लढा किंवा पळा प्रतिक्रिया म्हणतात, इंग्रजीतलं फाइट ऑर फ्लाइट ते हेच. तिसरा प्रकार म्हणजे जागच्या जागी थिजणं, तो नावात नाही पण असतो.

समजा ठाण्यात तीन हात नाक्यावर तुम्ही मोबाइलमध्ये बघत रस्ता क्रॉस करताय आणि पाण्याचा टँकर एकदम कानाशी हॉर्न मारतो. तुम्ही दचकता ते आधी आणि टँकर आहे हे कळतं ते नंतर. हा दचका ॲड्रेनलीन या घाबरल्यावर सुटणाऱ्या हार्मोनचा नाही बरं का, तो ब्रेनस्टेमच (मेंदूचा खालचा देठ) परस्पर उरकून टाकतो. तोवर मेंदूतल्या, धोका ओळखणाऱ्या बदामाएवढ्या ॲमिग्डालाने हायपोथॅलॅमसला, म्हणजे मेंदूच्या तळाशी असलेल्या कंट्रोल रूमला, खबर दिलेली असते, तिथून सिम्पथेटिक नसांवरून (म्हणजे शरीराला सज्ज करणाऱ्या नर्व्हज, मराठी पुस्तकात अनुकंपी म्हणतात, बोलताना कोणीच नाही) दोन्ही किडन्यांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींना ऑर्डर जाते आणि ॲड्रेनलीन रक्तात सुटतं. हे रसायन वेगळं काढलं जपानी केमिस्ट जोकिची ताकामिने यांनी, १९०१ मध्ये.

पुढचं सगळं आपल्या आज्यांना हार्मोनचं नाव न ऐकताच माहीत होतं. छातीत धडधड, कारण हृदय जोरात पंप करतं. हातपाय गार, कारण कातडीकडचं रक्त मोठ्या स्नायूंकडे वळवलेलं असतं. तोंडाला कोरड, कारण पाचक लाळेचं काम तात्पुरतं बंद. अंगावर काटा, कारण केसांच्या मुळाशी असलेले बारीक स्नायू आखडतात, मांजराला त्याचा फायदा होतो, फुगून मोठं दिसतं, आपल्याला काहीच नाही. शिवाय डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात, लिव्हर साठवलेली साखर रक्तात सोडतं आणि रक्त जरा लवकर गोठायला तयार होतं, म्हणजे जखम झालीच तर. पोटाचं कामही थांबतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी एक्स-रे वापरून मांजरांचं पचन बघितलं तेव्हा मांजर बिथरलं की जठराची हालचाल थांबायची, आणि भीतीचा शरीराशी संबंध काय हा शोध त्यांनी तिथून पुढे चालवला. लढा-पळा ही कल्पना त्यांचीच, १९१५ च्या सुमाराची.

आता गंमत अशी की टँकर गेला, तुम्ही पलीकडच्या टपरीवर पोचलात, कटिंग हातात घेतली आणि ग्लास थरथरायला लागला, चहा बशीत. धोका टळल्यावर हे का? तर रक्तातलं ॲड्रेनलीन उतरायला काही मिनिटं लागतात आणि ते स्नायूंवर थेट काम करत असतं. दम्याचा पंप मारल्यावर हात थरथरतात तो यातलाच प्रकार, ते औषध ॲड्रेनलीनच्याच एका रिसेप्टरवर (पेशीवरच्या कुलुपावर म्हणा) चालतं, म्हणून श्वासनळ्याही मोकळ्या करतं आणि हातही हलवतं. कॉर्टिसॉल हे ताणाचं दुसरं हार्मोन तर आणखी उशिरा येतं, त्याची पातळी साधारण २० ते ३० मिनिटांनी सगळ्यात वर असते, म्हणजे तुम्ही घरी पोचून चप्पल काढताय तेव्हा. घरी गेल्या गेल्या माणूस विनाकारण खेकसतो त्याला हे एकमेव कारण नाही, पण हातभार असू शकतो.

उलटही होतं. काहींचं रक्त बघून किंवा सुई बघून हृदय मंदावतं, बीपी पडतो, डोळ्यांपुढे अंधारी येते आणि माणूस धपकन खाली. हा व्हेगस या हृदयाला ब्रेक लावणाऱ्या नर्व्हचा प्रताप. अशा वेळी माणसाला उठवून बसवायची घाई करू नये, आडवं ठेवून पाय जरा वर करावेत.

ही यंत्रणा एकट्या माणसाची नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत ठाण्यातल्या कोरम मॉलमध्ये बिबट्या शिरला आणि शेवटी त्याला भुलीचं इंजेक्शन देऊन पकडावं लागलं, त्या दिवशी लोक घाबरले ते सगळ्यांनी बघितलं, पण काचा, लोक आणि आरडाओरडा यांच्यात अडकलेल्या त्या जनावराच्या किडन्यांवरही अशाच दोन टोप्या होत्या.