लंगडणं थांबलं तरी शीर भरलेली नसते

घोड्याच्या पुढच्या पायाला गुडघ्याखाली स्नायू जवळजवळ नसतातच. नळीच्या हाडामागून खुराकडे दोरीसारख्या कंडरा, म्हणजे स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या पट्ट्या, उतरतात. तबेल्यात त्यांना शीर म्हणतात. त्यांना रक्तपुरवठा बेताचाच असतो, त्यामुळे फाटलेली शीर भरायला 9 ते 12 महिने लागतात. दुखणं मात्र काही आठवड्यांतच कमी होतं आणि खरा घात तिथेच होतो. घोडी लंगडत नाही असं बघून तिला पुन्हा वरातीत, डांबरी रस्त्यावर उभं करतात आणि अर्धवट जुळलेले तंतू पुन्हा तुटतात. 18-20 वर्षांच्या म्हाताऱ्या जनावराला ही घाई फारच महागात पडते.

इजा झाल्यावर पहिल्या काही दिवसांत नळाचं थंड पाणी 20 मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा पायावर सोडा. मग पाय कोरडा करून कापसाचा जाड थर द्या आणि त्यावर पट्टी बांधा. कापूस न लावता नुसतं क्रेप बँडेज आवळलं, तर चुणी पडेल तिथे शीर दाबली जाऊन नवीच इजा होते. पट्टी रोज सोडून बांधा.

आता धडधाकट पायाकडे वळा, कारण घोडा बहुतेकदा तिथेच हातचा जातो. शरीराचं सुमारे 60 टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं. खुरातलं रक्त नीट खेळायला पायावरचा भार कमी-जास्त होत राहावा लागतो. एकच पाय सतत भार सोसत राहिला की खुराच्या कवचाला आतल्या हाडाशी जोडणारे पदर उपाशी राहतात, सुजतात आणि सुटू लागतात. म्हणून रोज सकाळी दोन्ही खुरांवर हाताची मागची बाजू ठेवून ऊब ताडून पाहा. खुराच्या वरच्या सांध्यामागे, दोन्ही कडांना बोटं टेकवा. एरवी तिथली नाडी जेमतेम लागते. ती ठणठण लागली तर त्याच दिवशी डॉक्टरांना बोलवा. खाली एक वीत लाकडाचा कोरडा भुसा अंथरा. पावसाळ्यात तो रोज बदलावा लागतो, नाहीतर खुराच्या तळाचा मऊ त्रिकोणी भाग काळा पडून कुजका वास येतो.

चालवणं डॉक्टर सांगतील तेव्हाच सुरू करा. साधारणपणे सुरुवातीला 5 ते 10 मिनिटं, दिवसातून दोनदा, सपाट आणि घट्ट जमिनीवर, दोर हातात धरून चालवतात. दर आठवड्याला 5 मिनिटं वाढवतात. झटकन वळवू नका. दुसऱ्या दिवशी पाय गरम किंवा सुजलेला वाटला, तर मागच्या आठवड्याच्या वेळेवर या आणि डॉक्टरांना कळवा. दुडकी चाल सोनोग्राफीत तंतू सरळ रांगेत दिसल्याशिवाय नाही. फेनिलब्युटाझोनसारखं वेदनाशामक स्वतःच्या मनाने लांबवू नका. त्याने पोटात व्रण होतात, मूत्रपिंडाला इजा पोचते, शिवाय दुखणं झाकलं गेल्याने घोडी पाय जपत नाही.

विश्रांतीसाठी उभ्या घोडीची चंदी, म्हणजे दाण्याचा खुराक, हळूहळू कमी करा, गवत नाही. 400 किलोच्या घोडीला रोज 6 ते 8 किलो सुकं गवत चार-पाच वेळा विभागून घाला. म्हातारपणी दात झिजतात. चावलेल्या गवताचे गोळे खाली पडलेले दिसले तर गवत बारीक कापून भिजवून द्या. लीद नेहमीपेक्षा कमी, कोरडी पडू लागली की पोटशूळ जवळ आला समजा. रोजचं पाणी 25 लिटरपेक्षा कमी जाऊ देऊ नका, उन्हाळ्यात तर त्याहूनही जास्त लागतं.

आणि शेजारी दुसरा घोडा दिसेल अशी जागा द्या. एकटी ठेवलेली घोडी येरझारा घालते, आणि तिच्या शिरेला तेच सोसत नाही.