बातमीतली ‘टोळी’ : मराठवाड्यातले भटके, मुस्लिम अन् स्थलांतरित मजूर माध्यमांत कसे दिसतात

पेपर, टीव्ही चॅनल अन् आता युट्यूब-व्हॉट्सॲपवरच्या बातम्यांतून एखाद्या समाजाचं जे चित्र लोकांच्या डोक्यात बसतं त्याला माध्यमातलं चित्रण म्हणतात. शब्द जड वाटतो पण तपासायला सोपं आहे, बातमीत कोणाचं नाव येतं अन् कोणाची नुसती जात येते, बोलायला कोणाला मिळतं अन् कोणाबद्दल दुसरेच बोलतात, एवढं बघायचं. मराठवाड्यात हा प्रश्न मुख्यतः फासेपारध्यांसारख्या भटक्या-विमुक्त जमाती, मुस्लिम समाज, बीडकडचे ऊसतोड मजूर अन् जालना-वाळूजच्या कारखान्यांत राबणारे परराज्यातले कामगार यांच्याबाबतीत येतो.

एक शब्द घ्या, टोळी. ऊसतोडीत टोळी म्हणजे मुकादमानं उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन जमवलेली माणसं, अन् कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी, ‘आमच्या टोळीत दहा कोयते आहेत’ असं सरळ बोलतात. तेच शब्द पेपरात क्राईमच्या पानावर गेले की टोळी दरोडेखोरांची होते अन् कोयता गँगचा होतो. दिवाळीच्या आसपास बिऱ्हाड ट्रॅक्टरमधे घालून निघालेल्या माणसाला हे दोन्ही शब्द रोजचे आहेत, वाचणाऱ्याला मात्र त्यातला एकच अर्थ माहिती.

पारध्यांवरचा शिक्का जुना आहे. इंग्रजांनी १८७१ ला गुन्हेगार जमाती कायदा केला, त्यात जन्मानंच माणूस गुन्हेगार ठरायचा, हजेरी लावायची, गाव सोडायला परवानगी लागायची. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला रद्द झाला म्हणून हा दिवस विमुक्त दिन म्हणून पाळतात, पण त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले अन् ‘सराईत’ हा शब्द बातम्यांत जो चिकटला तो अजून निघाला नाही. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाकडं होता, तरी पारध्याकडं बघायची नजर इकडं काही वेगळी नव्हती.

ही बातमी बनते कशी तेही बघायला पाहिजे. तालुक्याचा वार्ताहर बऱ्याचदा पगारावर नसतो, जाहिरातीच्या कमिशनवर भागवतो, दिवसाला चार-पाच बातम्या द्यायच्या असतात. पोलिसांची प्रेसनोट मोबाईलवर येते, तीच थोडी इकडची तिकडं करून जाते. वस्तीवर जाऊन दुसरी बाजू विचारायला ना वेळ ना पेट्रोल, म्हणून संशयित हा पहिल्याच ओळीत आरोपी होतो अन् हेडिंगमधे जमातीचं नाव बसतं. दोन-चार वर्षांनी तो माणूस निर्दोष सुटला तर त्याची प्रेसनोट कोणी काढत नाही. बदनामी होईल अशा संदर्भात जात सांगणं टाळावं असं भारतीय प्रेस कौन्सिलच्या आचारसंहितेत लिहिलेलंच आहे, पण कौन्सिलला ताकीद देण्यापलीकडं फार अधिकार नाहीत अन् टीव्ही, मोबाईल तर तिच्या कक्षेतच येत नाहीत.

याची किंमत कुठपर्यंत जाते ते १ जुलै २०१८ ला राईनपाड्यात दिसलं. ते गाव धुळे जिल्ह्यातलं, मराठवाड्याबाहेरचं, पण ‘मुलं पळवणारी टोळी आली’ हा व्हॉट्सॲप मेसेज तेव्हा आपल्याकडंही गावोगाव फिरत होता. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावानं ठेचून मारले. भिक्षा मागत फिरणं हेच त्यांचं पिढ्यान् पिढ्याचं जगणं, अनोळखी गावात दिसणं हाच त्यांचा गुन्हा ठरला.

मुस्लिम समाजाबाबतीत सगळ्यात ठळक नोंद छत्रपती संभाजीनगरमधल्या, म्हणजे मुंबई हायकोर्टाच्या तेव्हाच्या औरंगाबाद खंडपीठाच्या निकालात आहे. कोरोनाच्या सुरुवातीला तबलिगी जमातीवर चॅनलवाल्यांनी रात्रंदिवस बातम्या चालवल्या, जणू रोग त्यांनीच आणला. २१ ऑगस्ट २०२० ला खंडपीठानं तबलिगीसाठी आलेल्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले, त्यांना बळीचा बकरा केल्यासारखं दिसतं असं म्हटलं अन् माध्यमांतल्या मोठ्या अपप्रचारावर स्पष्ट बोट ठेवलं. दोघांपैकी एका न्यायमूर्तींनी निकालाशी सहमती दाखवून काही निरीक्षणांबद्दल वेगळं मत नोंदवलं हेही सांगायला हवं. मार्च-एप्रिलमधे भाजीवाल्याचं नाव विचारून मग भाजी घेणारे लोक होते, ऑगस्टचा निकाल त्यांच्यापर्यंत किती पोचला हा प्रश्नच आहे.

चांगलं कामही झालंय अन् ते मान्य केलंच पाहिजे. २०१९ ला बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या ऑपरेशनची बातमी पत्रकारांनीच बाहेर काढली, मग सरकारी समिती बसली, ८२,३०९ बायकांच्या पाहणीत १३,८६१ जणींची शस्त्रक्रिया झाल्याचं निघालं. पण नंतर बाहेरून आलेल्या कॅमेऱ्यांनी ‘गर्भाशय नसलेल्या बायकांचं गाव’ असलीच हेडिंगं केली, सगळं लक्ष बाईच्या पोटावर. एक खाडा पडला की पैसे कापणारा मुकादम, फडात संडास-पाण्याची सोय न करणारा कारखाना अन् ऑपरेशन करणारा दवाखाना मात्र फोटोच्या बाहेरच राहिले. जेलमधे जातीवर कामं वाटायचे नियम सुप्रीम कोर्टानं ३ ऑक्टोबर २०२४ ला रद्द केले, विमुक्त जमातींना सवयीचे गुन्हेगार धरणंही चूक ठरवलं, ती याचिकासुद्धा सुकन्या शांता या पत्रकाराचीच होती.

परप्रांतीय मजूर बातमीत येतो तो बहुतेक आकडा म्हणून. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ मालगाडीखाली १६ मजूर गेले, जालन्याच्या स्टील कारखान्यात काम करणारी मध्यप्रदेशच्या शहडोल-उमरियाकडची पोरं, भुसावळकडून गावी जायला रेल्वे मिळेल म्हणून रुळानं चालत निघालेली, दमून तिथंच झोपलेली. रुळावर विखुरलेल्या पोळ्यांचा फोटो देशभर गेला. आपल्याकडं त्या पोळ्यांवर कविता झाल्या, चॅनलवर ‘रुळावर झोपलेच कशाला’ याची चर्चा झाली. वाचलेल्यांपैकी एकानं सांगितलं होतं की गावी जायच्या पाससाठी आठवडाभर आधी अर्ज केला होता अन् त्याचं उत्तरच आलं नाही. ही ओळ बहुतेक बातम्यांत अगदी खाली होती.