एकाच प्लेटवरचा ब्लॉक मऊ का निघतो?

मिरकरवाड्याला उतरलेली कोळंबी आणि म्हाकूल गोठवायला रत्नागिरीच्या कारखान्यांत प्लेट फ्रीझर वापरतात. ॲल्युमिनियमच्या पोकळ प्लेटांमध्ये उणे 40 अंशांचा अमोनिया उकळतो आणि ट्रेमधल्या मालाची उष्णता ओढून घेतो. कधी मुख्य हेडरचा (सगळ्या प्लेटांना अमोनिया वाटणाऱ्या मोठ्या नळाचा) दाब व्यवस्थित असतो, पंपही ठीक चालतो, तरी एखाद्याच प्लेटवरचा ब्लॉक मध्यात मऊ निघतो. अशा वेळी 'गॅस कमी पडला' म्हणून अमोनिया भरण्याची घाई करू नये.

उणे 40 अंशांना अमोनियाचा दाब जेमतेम 0.72 बार, म्हणजे हवेच्या दाबापेक्षाही कमी. तिथे एक लिटर द्रवाची हजार लिटरहून जास्त वाफ होते. ती प्लेटच्या शेवटच्या टप्प्यात सुसाट धावते आणि मागच्या द्रवाला अडवते. द्रव कमी आला, की वाफेचं प्रमाण आणखी वाढतं. सगळ्या प्लेटा एकाच हेडरवर असल्याने या प्लेटचा वाटा दुसऱ्या प्लेटा घेतात, एकूण प्रवाह तेवढाच दिसतो आणि ही प्लेट उपाशीच राहते. लेडिनेग या संशोधकाने 1938 मध्ये दाखवलेली प्रवाहाची अस्थिरता ती हीच.

दुसरा प्रकार प्रवाह डोलण्याचा. पोफळीच्या बागेत पाट वर अडवला, तर शेवटच्या झाडाला ते उशिरा कळतं. तसंच इथेही होतं. तोंडाशी प्रवाह घटल्याचा परिणाम शेवटाला पोचेपर्यंत वेळ जातो. मग तिथला अडथळा कमी होतो, द्रव एकदम आत घुसतो आणि थोड्या वेळाने पुन्हा अडतो. एका हेलकाव्याला साधारणपणे द्रव प्लेटमधून पार व्हायला लागतो त्याच्या एक ते दोन पट वेळ लागतो.

तारापूरच्या पहिल्या दोन अणुभट्ट्यांत (1969) पाणी असंच समांतर वाटांनी उकळतं. अशा भट्टीत दाब सुमारे 70 बार असल्याने वाफ पाण्याच्या 20 पटच जागा घेते. तरी गाफील राहता येत नाही. अमेरिकेतल्या ला सॅल केंद्रात 9 मार्च 1988 ला पाणी फिरवणारे पंप बंद पडले आणि भट्टीची शक्ती दर 2-3 सेकंदांनी वरखाली होऊ लागली. ती 118 टक्क्यांवर जाताच भट्टी आपोआप बंद झाली. प्रवाह कमी आणि शक्ती जास्त, ही जोडी म्हणूनच टाळतात.

दोन्हीकडे उपाय एकच: प्रत्येक वाटेच्या तोंडाशी ओरिफिस, म्हणजे प्रवाह अडवणारं बारीक भोक. तिथे निव्वळ द्रव असतो, त्यामुळे प्रवाह वाढला की अडथळा तत्काळ वाढतो आणि हेलकावा दबतो. बाहेरच्या बाजूचा व्हॉल्व्ह आवळला तर उलट होतं, कारण तिथला अडथळा उशिरा जागा होतो. ही चूक सर्रास होते. ओरिफिस बसवल्यावर तेवढा जादा दाब पंपाला देता आला पाहिजे, नाहीतर सगळ्याच प्लेटा उपाशी राहतील.

नेमकं काय बिघडलंय हे प्लेटमधून बाहेर पडणाऱ्या होजवर (लवचीक नळीवर) तापमापक लावून पाहावं. काटा वरखाली होत असेल तर हेलकावा. एकाच जागी, पण इतर होजपेक्षा गरम असेल तर लेडिनेग किंवा साधं तेल. थंडीत घट्ट झालेलं कॉम्प्रेसरचं तेल प्लेटच्या आत चिकटून वाट अडवतं, म्हणून ओरिफिस मागवण्याआधी ते काढून टाकावं.